ओढायचं बटण

हवालदार डोळे मिटून काम करायचा, आणि मला ते बघवायचं नाही.

समोर ट्रकचा डायनामो खोलून पडलेला, भोवती ड्रायव्हर-क्लीनर वाकून उभे, आणि हा गडी पोत्यावर मांडी घालून, डोळे गच्च मिटून बोटांनी तारा चाचपतोय. मधेच त्यातलं तारा गुंडाळलेलं आर्मेचर उचलून नाकाशी न्यायचा, हुंगायचा आणि 'जळलंय' किंवा 'जळाय लागलंय' असा निकाल द्यायचा. तो निकाल एकदा जरी चुकला असता तरी मी शाळेत पेढे वाटले असते. पण इतक्या वर्षांत पेढे वाटायची वेळ काही आली नाही.

लिहिताना मी त्याला अरे-तुरे करतोय. तोंडावर 'अहो हवालदार'च म्हणायचो, कारण वयाने तो दहाएक वर्षांनी मोठा होता. मनात मात्र तो कायम 'तो'च राहिला. मनातल्या मनात आपण ज्यांच्याशी भांडतो त्यांना कोण अहो-जाहो करतं?

तो मूळचा कुंडलचा. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत होता. लढाईच्या दिवसांत दिवा न लावता, मिट्ट काळोखात गाड्या चालू करून द्याव्या लागायच्या, तिथे ही डोळे मिटायची सवय लागली म्हणे. पेन्शनीत निघाल्यावर त्याने कराडला पुणे-बंगलोर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली, तिच्यामागेच घर बांधलं आणि गाड्यांच्या विजेची कामं घ्यायला लागला. शिक्षण सातवी. इंग्रजी म्हणाल तर गाडीच्या नंबरापुरतं. मी साताऱ्याचा, सांगलीला तीन वर्षं घासून डिप्लोमा घेतलेला, कराडच्या तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. माझ्या वर्गातली मुलं माझा तास बुडवून कुठे जायची, तर त्याच्या शेडमध्ये. शाळेची पाण्याची मोटर जळाली तर मुख्याध्यापक कुणाला बोलवायचे, तर त्याला. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसलेला असायचो.

त्याच्या तऱ्हा किती सांगाव्यात. शेडपुढे येऊन कुणी हॉर्न वाजवला की तो त्या गाडीला हात लावायचा नाही. 'मागं जा आनि गप ये,' एवढंच म्हणायचा. साखर कारखान्याच्या चेअरमनचा ड्रायव्हरही एकदा गाडी मागे घेऊन, गपचूप परत आलेला मी पाहिलाय. गाडी दुरुस्त झाली की तो तिला सलाम ठोकायचा, मालकाला नाही. चहा प्यायचा तो फौजेतल्या एनॅमलच्या मगातूनच. तो मग पिशवीत घालून हा लोकांच्या घरी जायचा आणि यजमानांनी कपबशी पुढे केली की त्यातला चहा मगात ओतून घ्यायचा. त्याचे स्क्रू तंबाखूच्या डब्यांत असत, आणि कुठल्या डब्यात काय हे कळावं म्हणून झाकणावर खिळ्याने खुणा कोरलेल्या, बोटांना लागतील अशा. 'हात इचार करत्यात मास्तर, डोळं नुसतं बगत्यात,' असं तो मला सांगायचा. मी ड्रॉइंग शिकवतो, माझा सगळा धंदा डोळ्यांचा, हे त्याच्या लक्षातही नसायचं.

आणि शेळी. शेळीचं नाव मेमसाब. पांढरीशुभ्र, उंच पायांची. तिला पुढचे दोन पाय कशावर तरी टेकवून उभं राहायची खोड होती. बाकडं, टायर, येणाऱ्या माणसाची मांडी, काही चालायचं. माझ्या एकुलत्या एका टेरिकॉटच्या पॅन्टीवर तिचे खूर उमटलेले होते आणि हवालदारची बायको, वैनी, ते बघून पदराआड हसली होती.

तो माणूस वाईट असता तर माझं सोपं झालं असतं. एकदा आमचा रेडिओ बिघडला. मी दोन दिवस तो पलंगावर पसरून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी माझी बायको भाजी आणायला म्हणून गेली आणि येताना हवालदारला घेऊन आली. त्याने एका हातात मग धरून, दुसऱ्या हाताने, अर्थात डोळे मिटून, सुटलेली तार शोधून काढली. पाच मिनिटांत गाणं लागलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. हवालदार तिला म्हणाला की मास्तरांनी सगळं खोलून नीट मांडून ठेवलं होतं म्हणून गावलं, नाहीतर आपला दिवस गेला असता. त्याने टोमणा मारला असता तर मी उलट टोमणा मारला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण त्याने मला सांभाळून घेतलं. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही त्याला.

आता बटणाची गोष्ट.

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने मुंबईहून परदेशी गाडी आणली होती. लांबलचक, खिडक्यांच्या काचा विजेवर खाली-वर होणाऱ्या. आपल्याकडे तेव्हा काच खाली करायची म्हणजे हँडल गरागरा फिरवायचं. त्यामुळे गाडी काचेच्या मोटरच्या दुरुस्तीसाठी शेडवर आली तेव्हा अर्धं कराड बघायला लोटलं. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, ते वाचायला मला बोलावणं आलं. त्या दिवशी मी जरा खुशीत होतो. मी पुस्तकातून वाचून दाखवत होतो आणि तो माझ्या शब्दावर तारा जोडत होता. दाराला आतून कोपर टेकायला जी पट्टी असते तिच्यावर सपाट बटण होतं. त्याचं पुढचं टोक दाबलं की काच वर, मागचं दाबलं की खाली. दुपारपर्यंत मोटर चालू झाली.

तेवढ्यात मेमसाब उघड्या दारातून मागच्या सीटवर चढली. रस्त्याने उसाची बैलगाडी चालली होती, तिच्यातलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, दिसल्याबरोबर हिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि सवयीप्रमाणे पुढचा पाय टेकवला तो नेमका त्या बटणावर. काच सरसर वर आली आणि शेळीची मान खिडकीत अडकली. ती ओरडायला लागली, आणि जसजशी धडपडायची तसतसा खूर जास्तच दाबायची. लोक हसायला लागले. सगळ्यात मोठ्याने मी हसत होतो. व्यापाऱ्याला सीट फाटायची काळजी पडली होती. हवालदारने झेप घेऊन बॅटरीची तार उपटली, काच हाताने रेटून खाली केली आणि शेळीला पोटाशी धरून बाहेर काढलं. तिची मान पुढे कायमची एका अंगाला थोडी कलती राहिली.

लोक पांगले. हवालदार मागच्या सीटवर जाऊन बसला आणि डोळे मिटून ते बटण कोपराने दाब, गुडघ्याने दाब, तळव्याने दाब, असं करत राहिला. बऱ्याच वेळाने मला म्हणाला, "मास्तर, हिनं दाबलं. जनावराला दाबता येतं, वडता येत न्हाई. ल्हान पोरगंबी गुडघं टेकून खिडकीतनं बगतं, तवा त्येच्या गुडघ्याखाली ह्येच बटन यील. मग काच वर न्ह्याचं काम दाबन्याव कशापायी ठेवलं आसंल?"

मी पुस्तक हातात घेऊन उभा होतो. तीच गाडी, तेच बटण, तीच शेळी, आणि माझे तर डोळे उघडे होते. तो प्रश्न मला पडायला हवा होता.

आठ-दहा दिवसांत त्याने बटण बनवलं. जुन्या मीटरच्या काळ्या झाकणाचा तुकडा, टॉर्चमधल्या पितळी पट्ट्या, एक बारकी स्प्रिंग. बटणाला पुढे ओठासारखी कड, तिच्याखाली बोट घालून वर ओढलं तरच काच वर जायची. दाबलं, टेकलं, आपटलं, काहीही केलं तरी खालीच. सोडलं की जागच्या जागी थांबणार. भंगारातून मोटारीचं एक अख्खं दार आणून त्याने ते घरात भिंतीला उभं केलं आणि त्यात काच, मोटर, बॅटरी बसवली. वैनी पोळ्या लाटायच्या आणि त्यांच्या मागे ती काच खाली-वर व्हायची.

आमच्या मुख्याध्यापकांनी ते बघितलं आणि म्हणाले, याचं पेटंट घ्यायला पाहिजे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मास्तर, तुम्ही मदत करा, तुम्हाला अनुभव आहे.

माझा अनुभव काय होता तो सांगतो. उसाच्या बैलगाड्यांना मागून ट्रक धडकायचे, म्हणून मी चाकावर चालणारा एक दिवा काढला होता. चार वर्षं त्याच्यामागे घालवली, स्वतःच इंग्रजीत अर्ज लिहिला, नकाशे काढले आणि मुंबईच्या पेटंट कचेरीत पाठवले. तिथे परीक्षक असतो. तो अर्ज वाचतो, जगभरातली कागदपत्रं चाळतो आणि हरकती काढतो. माझ्या परीक्षकाने सभ्य भाषेत कळवलं की अशी वस्तू सायकलच्या दिव्याच्या रूपात पूर्वीच छापून प्रसिद्ध झालेली आहे. संपलं. त्या पत्रातला नियम मला पाठ झाला होता. अर्ज पोचण्याच्या तारखेआधी ती गोष्ट कुठेही, कुठल्याही भाषेत, वर्णनासकट छापलेली असता कामा नये. छापलेली असली तर ती नवी नाही, आणि नवी नसली तर पेटंट नाही.

असा मी अनुभवी माणूस हवालदारचा अर्ज लिहायला बसलो. अर्जाच्या शेवटी आपला हक्क नेमका कशावर आहे ते एका वाक्यात सांगावं लागतं. मी दोन पानं खरडली तरी ते वाक्य जमेना. हवालदारला विचारलं तर तो डोळे मिटून म्हणाला, "वडल्यावरच काच वर जाती, दाबल्याव कवाच न्हाई, आनि सोडल्याव थांबती, आसं बटन." मी त्याचं इंग्रजी केलं. बस, तेवढंच माझं काम उरलं.

पेटंट मिळालं तर त्याचं नाव लागणार होतं, त्याला नंबर मिळणार होता, आणि मोटारी बनवणारे पत्र घालून त्याला विचारणार होते. त्याच्या मनात यातलं काहीच नव्हतं. त्याला एवढंच पाहिजे होतं की सरकारने शिक्का मारावा, म्हणजे गाडीवाले ऐकतील आणि बटणं बदलतील. कुणाचं तरी पोर असं अडकणार आहे, हे त्याने धरून ठेवलं होतं. मला मात्र फक्त तो नंबर दिसत होता.

नकाशे मी आषाढात पुरे केले, एक प्रत हवालदारला दिली आणि बाकीचे टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. मग आज काय शाई संपली, उद्या काय परीक्षा आहेत, परवा अंगात कणकण आहे. तो रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी सावधान उभा राहायचा. मी नाही म्हणून मान हलवली की 'बरं मास्तर' म्हणून जायचा. मला कुणी विचारलं असतं की का थांबलायस, तर मलाही धड सांगता आलं नसतं. ड्रॉवरमध्ये होतं तोवर ते थोडं माझंही होतं, असं काहीतरी असावं.

त्यात सांगलीच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार शिराळ्याची नागपंचमी आटोपून कराडला पाहुण्यांकडे येत असताना त्याची मोटारसायकल शेडपाशी बंद पडली. हवालदारच्या पोटात काही राहत नसे. मी बजावलं होतं की कुणाला दाखवू नका, पण त्याने बातमीदाराला घरात नेलं, काच खाली-वर करून दाखवली आणि माझ्या नकाशाची त्याच्याकडची प्रतसुद्धा दिली. पुढच्या अंकात अर्धं पान आलं. हवालदार आणि मेमसाब यांचा फोटो, बटण कसं चालतं त्याचं बारकाईने वर्णन, आणि माझा नकाशा. खाली लिहिलं होतं, 'चित्र : एक स्थानिक मास्तर'.

एक स्थानिक मास्तर! शेळीचं नाव छापलं होतं, माझं नव्हतं.

पण छापून आलं ते आलं. नियम मला पाठ होता, आणि तारीख तर पानाच्या वरच ठळक होती. मी विचार केला, मुंबईच्या साहेबाला सांगलीचं साप्ताहिक कोण दाखवतंय? तो परदेशी पुस्तकं चाळणार. दिवाळीनंतर मी अर्ज रवाना केला. इथपर्यंत माझ्या मनात काळंबेरं नव्हतं, निदान फार नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. दोन हरकती होत्या. एक किरकोळ, शब्दांची. दुसरी अशी की परदेशात काचेची बटणं पूर्वीपासून आहेत, मग यात वेगळं काय ते दाखवा. मी ते पत्र तीनदा वाचलं. उत्तर सरळ होतं. ती सगळी बटणं दाबायची आणि हे ओढायचं. परीक्षकाने एकही ओढायचं बटण दाखवलं नव्हतं, म्हणजे त्याला सापडलंच नव्हतं. मला स्वच्छ कळलं की याला पेटंट मिळणार. चार वर्षं घालवून मला मिळालं नाही ते या सातवी पास माणसाला एका शेळीपायी मिळणार.

तरी उत्तर मी चांगलं लिहिलं. इतकं चांगलं इंग्रजी मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

ते टपालात टाकायच्या दिवशी हवालदार शाळेत आला तो कापडी पिशवी भरून. आमच्या भागात कुठलाही अर्ज एकटा जात नाही. विहिरीचा असो, शाळेत नाव घालायचा असो, त्याला दाखले जोडायचे. सरपंचाचा, पाटलाचा, कारखान्याचा, जो मिळेल त्याचा. जितके दाखले तितकं वजन, आणि फौजेत राहून हवालदारची ही श्रद्धा दुप्पट झाली होती. त्याने टेबलावर एकेक कागद मांडला. सरपंचाचा चारित्र्याचा दाखला. चेअरमनची चिठ्ठी, की हा माणूस हुशार आहे. फौजेतल्या बुकाची नक्कल. आणि सगळ्यांत शेवटी, इस्त्री केल्यासारखं सरळ केलेलं ते साप्ताहिकाचं पान.

मी सरपंचाचा दाखला बाजूला काढला, म्हटलं याची गरज नाही. चेअरमनची चिठ्ठी काढली. फौजेची नक्कल काढली. म्हटलं, उगाच साहेबाचा वेळ जातो. त्याचा चेहरा पडत चालला होता. मग त्याने स्वतःच त्या पानाला हात घातला.

"ह्येबी काढू का मास्तर?"

पानावरची तारीख माझ्या समोर होती. खाली 'एक स्थानिक मास्तर' होतं. शाळेच्या पटांगणात मुलं कवायत करत होती, त्यांच्या शिट्टीचा आवाज मला आजही ऐकू येतो.

"नको," मी म्हणालो, "ते राहू दे."

तो खूश झाला. टाचणी मीच लावली.

दुसरं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन माझ्या घरी आला. पाकीट फोडलेलं नव्हतं. मला म्हणाला, वाचून सांगा. बायकोने चहा ठेवला, त्याने पिशवीतून मग काढला आणि डोळे मिटून ऐकायला बसला. पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या साप्ताहिकातच हा शोध अर्जाच्या तारखेपूर्वी वर्णनासह प्रसिद्ध झालेला दिसतो, सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

मी सांगितलं, "हवालदार, परदेशात कुणीतरी असलंच ओढायचं बटण आधीच काढलंय. म्हणून नाही म्हणतात."

मी वाट बघत होतो, की आता हा चिडेल, निदान हळहळेल. त्याने डोळे उघडले.

"म्हंजी तिकडं सुरू झालं म्हना की," तो म्हणाला. "मग बरं झालं. तिकडल्या पोरांच्या माना तर वाचल्या."

त्याला हरवायचीसुद्धा सोय नव्हती. मी त्याचं हिरावून घेतलं होतं, आणि तो माझ्याच घरात बसून समाधानाने चहा पीत होता. त्याने पत्र नीट घडी करून मागून घेतलं. म्हणाला, सरकारचं पत्र आहे, फ्रेम करून लावतो. मला 'नको' म्हणता येईना. काही महिने माझी झोप उडाली होती. मग मनाशी म्हटलं, रस्त्याकडेच्या शेडमध्ये इंग्रजी कोण वाचतंय.

त्या दिवाळीला त्याने माझ्यासाठी भेट आणली. इंग्रजी-मराठी डिक्शनरी, रद्दीवाल्याकडून आणलेली, पुठ्ठा सुटलेला, त्याला त्याने ट्रकच्या ताडपत्रीचं कव्हर शिवलं होतं. म्हणाला, वर्गातल्या पोरांना होईल. मला राग आला. डिप्लोमा झालेल्या माणसाला डिक्शनरी! पण ठेवून घेतली, आणि खरं सांगायचं तर वापरलीही. त्यानंतर त्याने माझ्याकडे इंग्रजीतला एकही कागद वाचायला आणला नाही. चहाला यायचा, आपला मग घेऊन यायचा, माझ्या मुलांचे खेळ दुरुस्त करून द्यायचा, पण कागद नाही. मला तेव्हा ते जाणवलंही नाही.

पुढे काही वर्षांनी तो गेला. शेडमध्येच, बॅटरी उचलताना छातीत कळ येऊन. मी तेव्हा साताऱ्याला बदलून गेलो होतो. बातमी महिन्याने कळली, तेव्हा भेटायला गेलो. वैनी एकट्याच होत्या, मुलगी लग्न होऊन कुंडलला गेलेली. मेमसाब दाराशी मान कलती ठेवून बसली होती, म्हातारी झाली होती. भिंतीशी ते मोटारीचं दार अजून उभं होतं आणि त्याच्या वर दोन फ्रेमा होत्या. एकीत साप्ताहिकाचं पान, दुसरीत मुंबईचं पत्र.

मी जवळ गेलो. पानावरची तारीख लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. पत्रातली एक ओळही तशीच. नेमकी ती ओळ.

वैनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, ही खूण कुणाची. म्हणाल्या, एका मिलिटरी साहेबाची जीप बंद पडली होती, त्याने पाणी प्यायला म्हणून घरात येऊन ते पत्र वाचलं आणि यांना सगळं मराठीत फोड करून सांगितलं. मग यांनीच त्याच्याकडून खूण करून घेतली, कुठली ओळ ती कळावी म्हणून.

"कधी?" मी विचारलं.

"तुमी वाचून दावलं त्येच्या फुडच्याच म्हैन्यात."

म्हणजे त्या दिवाळीच्या आधी. माझ्या हातात बशी होती, ती मी खाली ठेवली. ते पान ठेवायला मीच सांगितलं होतं हे त्याला माहीत होतं. मी खोटं वाचलं हेही कळलं होतं. आणि तरी एवढी वर्षं तो आपला मग घेऊन माझ्या घरी येत राहिला.

"मला काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

"मी म्हनलं हुतं, इचारा जाऊन," वैनी म्हणाल्या. "तर मलाच गप केलं. म्हनले, मास्तरला विंग्रजी कच्चं हाय, त्येला ती वळ उमगली नसंल. कुनापाशी बोलू नगंस, मास्तर मानूस, मनाला लावून घ्येल. म्हनून तर ती डिक्सनरी हुडकून आनली."

त्याला खरंच तसं वाटलं होतं, की त्याने तसं वाटायचं ठरवलं होतं, हे मी वैनींना विचारू शकलो नाही. आणि विचारून तरी काय, त्या दोन्हींपैकी काहीही मला जमलं नसतं. तिथे त्याच्या घरात, तो नसताना, मला त्याचा पुन्हा हेवा वाटला.

चहा संपवून उठणार, तेवढ्यात फळीवर एक लांबट पाकीट दिसलं, सरकारी, वर इंग्रजीत टाइप केलेलं. पेन्शनीचं असणार. दहा-पंधरा दिवसांपूर्वीच आलंय, वैनी म्हणाल्या, कळत नाही काय लिहिलंय ते. मी हात पुढे केला. म्हटलं, द्या, मी वाचून सांगतो.

त्यांनी पाकीट उचललं, माझ्याकडे बघितलं आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसून परत फळीवर ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "पोरगी यील कुंडलास्नं, ती वाचंल."